वाचून सही केली होती का?

ऑक्टोबर लागला की आमच्या पोर्टलंडला पाऊस सुरू होतो, तो पार मे महिन्यापर्यंत मुक्काम ठोकून असतो. आपल्याकडच्यासारखा कोसळणारा नाही, नुसता पिरपिरणारा. संध्याकाळी साडेआठला मी लॅपटॉप उघडतो, कारण तेव्हा पुण्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात आणि तिकडची मंडळी कामावर येऊन बसलेली असतात. गेली कित्येक वर्षं हाच दिनक्रम. बायको म्हणते, ‘तुमची दोन ऑफिसं आणि एक घर, त्यात घराचा नंबर तिसरा.’

माझं काम लिनक्सच्या कर्नलचं. महाराष्ट्र मंडळात कुणी ‘तुम्ही नक्की काय करता हो?’ असं विचारलं तर पूर्वी मी ‘सॉफ्टवेअर’ एवढंच सांगून सुटका करून घ्यायचो. आता खरं सांगतो. दिवसाचे निम्मे तास मी दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचतो. ‘पॅच’ म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल. तो कुणीतरी पाठवतो, मी वाचतो, शंका विचारतो, आणि समाधान झालं तर त्याखाली माझं नाव घालतो. इंग्रजीत त्या ओळीला ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणतात. मूळ लेखकाच्या सहीखाली वाचणाऱ्याची सही. ‘म्हणजे तुम्ही पेपर तपासता,’ एक काकू म्हणाल्या. तसं नाही, पण अगदी चूकही नाही.

आज लिहायला बसलोय ते अशाच एका सहीबद्दल. ती मी केली होती, आणि करायला नको होती.

आधी विषय थोडा समजावून सांगतो. कॉम्प्युटरमधली मेमरी कर्नल पानापानांनी वापरतो. आपल्या रोजच्या मशीनवर एक पान साधारणपणे ४ केबीचं असतं. प्रोग्रॅमला वाटतं की आपल्याला सलग मेमरी मिळाली आहे, पण प्रत्यक्षात ती पानं इकडेतिकडे विखुरलेली असतात. कुठलं पान कुठे आहे याची एक मोठी वही असते. प्रत्येक वेळी ती वही उघडून बघायची तर वेळ जातो, म्हणून प्रोसेसर अलीकडे लागलेल्या नोंदी आपल्या खिशातल्या चिठ्ठीवर टिपून ठेवतो. ही चिठ्ठी लहान असते. इंटेलच्या ‘स्कायलेक’ पिढीत तिच्यावर १,५३६ नोंदी मावत. ४ केबीच्या पानांच्या हिशेबाने एवढ्या नोंदींत जेमतेम ६ एमबी मेमरी बसते. आता एखाद्या व्हर्च्युअल मशीनला ६४ जीबी दिले असतील तर सतत वही उघडणं आलं. यावर उपाय म्हणजे पानच मोठं करायचं. २ एमबीचं एक पान केलं तर त्याच १,५३६ नोंदींत ३ जीबी मावतात. या मोठ्या पानाला ‘ह्यूज पेज’ म्हणतात. लहान ५१२ पानं मिळून एक मोठं पान होतं. १ जीबीचंही पान असतं, त्यात लहान पानं २,६२,१४४ भरतात.

आता समजा, चालू असलेलं एक व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं आहे, तेही न थांबवता. यातली एक पद्धत अशी की मशीन आधी नव्या जागी सुरू करून द्यायचं आणि सामान मागून आणायचं. घर बदलताना माणसं पुढे गेली, ट्रक मागून येतोय, तसं. मशीनने जे पान मागितलं आणि ते अजून आलेलं नाही, तिथे ते थांबतं. मग एक मदतनीस प्रोग्रॅम ते पान जुन्या सर्व्हरवरून मागवून घेतो आणि कर्नलला सांगतो, ‘हे घे, यातलं सगळं त्या जागी उतरव.’ लिनक्समध्ये या सोयीला ‘यूझरफॉल्टएफडी’ म्हणतात. ती २०१५ मध्ये आली आणि २०१७ मध्ये मोठ्या पानांसाठी उपलब्ध झाली.

तर काम एवढंच, की दिलेला मजकूर मोठ्या पानात उतरवून घ्यायचा. ऐकायला किती सोपं! पाचवीतल्या मुलालाही सांगता येईल, फळ्यावरचं वहीत उतरव म्हणून.

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसमधल्या एका मुलाने या उतरवण्याच्या कामाचा वेग वाढवणारा पॅच पाठवला. हा बदल आमच्या कंपनीच्या स्वतःच्या कर्नलमध्ये जायचा होता. मुलगा हुशार, अभ्यासू. तेव्हा मला ‘सर’ म्हणायचा, मी त्याला ‘अरे’ म्हणायचो. त्याची कल्पना छान होती. मोठ्या पानाच्या ५१२ तुकड्यांपैकी प्रोग्रॅमला आत्ता लगेच हवा असलेला तुकडा सर्वांत शेवटी उतरवायचा, म्हणजे तो प्रोसेसरच्या जवळच्या कॅशेमध्ये गरमागरम राहतो. ही युक्ती मूळ लिनक्समध्ये दुसऱ्या एका ठिकाणी २०१८ मध्ये आलेली होती. याने ती आमच्याकडे आणली. म्हणून त्याने काम दोन भागांत तोडलं. आधी लांबचे तुकडे, मग जवळचा. एकूण शंभर-सव्वाशे ओळींचा पॅच. चाचण्या पास. वेगाचे आकडेही व्यवस्थित.

तो दिवस मला पक्का आठवतो, कारण मंडळाच्या गणपतीतल्या एकांकिकेची त्या संध्याकाळी तालीम होती आणि मी आधीच उशीर केला होता. पॅच वरपासून खालपर्यंत वाचला. स्वच्छ होता. दोन ठिकाणी नावं बदलायला सांगितली, एक कॉमेंट सुधारायला सांगितली, आणि खाली माझं नाव घातलं. एकूण वीस मिनिटं.

सुमारे दोन महिन्यांनी पुण्याच्याच टेस्टिंगमधल्या एका मुलीला एक विचित्र गोष्ट दिसली. तिने मुद्दाम रॅम कमी ठेवून ताण देणारी चाचणी लावली होती. एका व्हर्च्युअल मशीनच्या मेमरीत तिला दुसऱ्याच प्रोग्रॅमचा डेटा सापडला. म्हणजे तुमच्या कपाटात शेजाऱ्याच्या घरचे कागद. चाचणीत तो खोटा भरलेला डेटा होता. ग्राहकाकडे तो खरा असता, कुणाचा पासवर्ड असता, कुणाचे हिशेब असते. ही आवृत्ती ग्राहकांकडे जायला तेव्हा नऊ दिवस उरले होते.

चूक एका ओळीची होती. कर्नलमधलं वापरकर्त्याकडून मजकूर उतरवून घेणारं फंक्शन ‘किती बाइट उतरवले’ हे सांगत नाही, ‘किती राहिले’ ते सांगतं. शून्य म्हणजे सगळं झालं. नव्याने येणारा प्रत्येक जण इथे एकदा तरी अडखळतो. या मुलाला ते माहीत होतं, तो अडखळला नव्हता. पण काम दोन भागांत तोडल्यावर उत्तरंही दोन येतात, आणि त्याने दोन्ही उत्तरं एकाच डब्यात ठेवली होती. पहिल्या भागाने सांगितलं, ‘माझे काही राहिले.’ त्यावर दुसऱ्या भागाने येऊन लिहिलं, ‘माझं काही राहिलं नाही.’ शेवटी डब्यात उरलं शून्य. कर्नल म्हणाला, झालं काम, आणि अर्धवट भरलेलं पान प्रोग्रॅमच्या हवाली केलं.

पण मग उरलेल्या जागेत दुसऱ्याचा डेटा कुठून आला? तर मोठं पान घेताना कर्नल ते इथे आधी पुसत बसत नाही, कारण सगळंच वरून लिहिलं जाणार असतं. मग दोनदा कशाला मेहनत? हिशेब बरोबर आहे, फक्त ‘सगळंच लिहिलं जाणार’ हे गृहीत खरं ठरलं पाहिजे. ते खोटं ठरलं की आधीच्या भाडेकरूचं सामान नव्याला दिसतं.

आणि चाचण्यांत हे का सापडलं नाही? कारण चाचणीचा प्रोग्रॅम स्वतःच मजकूर तयार करून लगेच उतरवायला देत होता. तो मजकूर मेमरीत हजरच असे. काही राहायचा प्रश्नच येत नव्हता. मेमरी कमी पडून मूळ मजकूरच डिस्कवर ढकलला गेला, तेव्हाच पहिला भाग म्हणू लागला की माझे काही राहिले.

यातली मला लागलेली गोष्ट अशी. मी ज्या वीस मिनिटांत पॅच वाचला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर बदललेल्या ओळी होत्या आणि त्यांच्या आजूबाजूच्या तीन-तीन ओळी. पॅच दाखवायची पद्धतच तशी आहे. लेखकाने जे लिहिलं ते तिथे दिसतं. जे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही, ते कुठेच दिसत नाही. ते शोधायला मूळ फाइल उघडावी लागते, या फंक्शनला कोण कोण हाक मारतं ते बघावं लागतं, आणि प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारावं लागतं की हे अर्ध्यावर थांबलं तर काय होईल. एवढा एक प्रश्न मी विचारला असता तरी पुरलं असतं. मी कॉमेंटमधलं व्याकरण तपासत होतो.

हे फक्त माझ्यासारख्याच्या हातून होतं असंही नाही. मूळ लिनक्समध्ये हेच काम करणारं फंक्शन २०१७ मध्ये आलं. कुणा नवशिक्याचं नव्हे, जाणत्या लोकांनी लिहिलेलं आणि जाणत्यांनी वाचलेलं. तरी २०२१ मध्ये त्यात एक दोष सापडला. पानांच्या नोंदी मेमरीत एकापाठोपाठ एक सलग असतात असं त्यात धरलं होतं, आणि १ जीबीच्या पानाच्या बाबतीत काही प्रकारच्या रचनेत तशी खात्री देता येत नाही. पुढच्याच वर्षी आणखी एक निघाला. काही प्रोसेसरांवर मजकूर उतरवल्यानंतर कॅशे साफ करून घ्यावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅमला जुनाच मजकूर दिसू शकतो. ती ओळच राहून गेली होती. आपल्या लॅपटॉपमधल्या प्रोसेसरवर त्या ओळीने काहीच फरक पडत नाही, त्यामुळे कुणाला जाणवलं नाही. दोन्ही दोष ‘न लिहिलेल्या’ गोष्टींचे. सगळा मिळून वीस-पंचवीस ओळींचा ऐवज, आणि चार-पाच वर्षं तो जगभर चालत होता.

एक फार गाजलेलं उदाहरण सांगतो. ‘डर्टी काऊ’ नावाचा दोष २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये जगासमोर आला. ज्या फाइलमध्ये लिहायची परवानगी नाही तिच्यात लिहिता यायचं. २००७ पासूनच्या कर्नलमध्ये तो होता. लिनस तोरवाल्ड्स यांनी स्वतः दुरुस्ती केली, आणि त्या दुरुस्तीसोबतच्या टिपणात लिहून ठेवलं की अकरा वर्षांपूर्वी हा प्रश्न मीच सोडवायचा प्रयत्न केला होता आणि तो वाईट होता. ज्याच्या नावावर अख्खी व्यवस्था उभी आहे त्याने असं लिहिणं मला फार मोठं वाटतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये कळलं की ती दुरुस्ती लहान पानांना लागू पडते, मोठ्या पानांच्या वाटेत मात्र एक फट राहिली आहे. पानावर ‘यात लिहिलं गेलंय’ अशी खूण असते, आणि मोठ्या पानांवर ती नुसत्या वाचण्याच्या निमित्तानेही लागत होती. साऱ्या जगाचं लक्ष असलेला, एवढा गाजलेला पॅच, तरी हे व्हायला एक वर्ष लागलं. मोठ्या पानांची वाट वेगळी आहे, तिकडे जाऊन बघू या, असं कुणाच्या तरी आधी मनात यायला हवं होतं.

आता आमच्या पुण्याच्या मुलाकडे येतो. चूक सापडल्यावर मीटिंग झाली. प्रकाशन पुढे ढकललं गेलं, वरच्या लोकांना उत्तरं द्यायची होती. पहिला प्रश्न आला, ‘हे लिहिलं कुणी?’ त्याचं नाव घेतलं गेलं. दुसरा प्रश्न यायला हवा होता, ‘वाचलं कुणी?’ तो आलाच नाही. स्क्रीनवर पॅच उघडा होता. त्याच्या नावाखालच्या ओळीत माझं नाव होतं, सगळ्यांना दिसत होतं. मी गप्प बसलो. खोटं कशाला बोलू, कुणी विचारत नाहीये तर आपण कशाला, असंच तेव्हा मनात आलं. तो फोनवर होता, पुण्यात रात्रीचे साडेनऊ झाले होते. ‘हो सर, माझ्याकडून राहिलं,’ एवढंच म्हणाला.

त्या वर्षी त्याचं अप्रेजल खाली गेलं. माझं गेलं नाही. दोन आठवड्यांनी मी मॅनेजरला लांबलचक ई-मेल लिहिली, की ही चूक निम्मी माझी आहे, किंबहुना निम्म्याहून जास्त, कारण अनुभव माझा जास्त होता. उत्तर सभ्य आलं. भावना समजल्या, पण रेटिंग आता बंद झालं आहे. तो मुलगा सहा-सात महिन्यांनी दुसरीकडे गेला. मला एका शब्दाने काही बोलला नाही. जाताना ‘सर, तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं’ अशी सगळ्यांना धाडतात तशी मेल त्याने मलाही धाडली. ती मी अजून जपून ठेवली आहे, का ते मला नीट सांगता येणार नाही.

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात उपअभियंता होते. शाखा अभियंत्याने रस्त्याची मोजमापं एम.बी.मध्ये लिहून आणली की काही टक्के मोजमापं वडिलांना पुन्हा घ्यावी लागत. ते स्वतः टेप घेऊन उन्हात उभे राहायचे. शाळेला सुट्टी असली की मला टेपचं दुसरं टोक धरायला न्यायचे. ठेकेदाराचा माणूस म्हणायचा, ‘साहेब, लिहिलंय ना सगळं, बघून घ्या की.’ वडील म्हणायचे, ‘लिहिलेलं बघायला मी ऑफिसातच बसलो असतो.’ आणि एक गोष्ट पक्की होती. पुढे बिलावर हरकत निघाली, तर लिहिणाऱ्याइतकाच जाब तपासणाऱ्यालाही द्यावा लागे. दोन सह्या म्हणजे दोन माणसं. आमच्या या अत्याधुनिक धंद्यात एवढी साधी गोष्ट आम्ही विसरलो की काय, असं मला त्या मीटिंगनंतर बरेच दिवस वाटत होतं.

कर्नलच्या नियमांत ती विसरलेली नाही, हे नमूद केलं पाहिजे. पॅचवर सही करायची पद्धत तिथे २००४ मध्ये सुरू झाली. वाचणाऱ्याच्या सहीचा अर्थही लिहून ठेवलेला आहे. मी याची तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका लेखकाला कळवल्या, उत्तरांनी माझं समाधान झालं, आणि माझ्या माहितीप्रमाणे यात आता अशी काही अडचण नाही की हा बदल घेऊ नये. हमी देत नाही असंही त्यात आहे, आणि ते रास्तच आहे. पण ‘तपासणी केली’ हे विधान खरं असलं पाहिजे. मी ज्या दिवशी तालमीला पळालो, त्या दिवशी माझं ते विधान खरं नव्हतं. आपल्याकडे नावं ठेवणारे पुष्कळ. नाव देणं ही वेगळी गोष्ट आहे.

मग मंडळी वाचत का नाहीत? आळस हे कारण मला पटत नाही. कारण हिशेबात आहे. वर्षाच्या शेवटी मोजलं जातं ते तुम्ही किती लिहिलं. तुमचे किती बदल गेले, किती फीचर केली. वाचण्याचा रकानाच नाही. मी दोन दिवस घालवून एका पॅचमधली फट शोधली तर तो पॅच जाणार नाही, म्हणजे लेखकाचा आकडा कमी, आणि माझा आकडा शून्यच. न झालेला अपघात कुणाच्या खात्यात जमा होतो? पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांत तर हे जास्तच आहे, कारण तिथल्या मुलांना इथल्यांना दाखवायचं असतं की आम्हीही लिहितो. वाचायचं काम वरिष्ठांचं, आणि वरिष्ठांना वेळ नाही. शेवटी ‘ठीक दिसतंय’ लिहून सही.

दुसरं कारण जरा नाजूक. आपल्याला प्रश्न विचारलेला चालत नाही, आणि मोठ्यांना विचारायचं धाडस होत नाही. मी पंचवीस वर्षांच्या मुलाच्या पॅचवर नऊ प्रश्न विचारले तर त्याला वाटतं, माझा अपमान केला. त्याने माझ्या पॅचवर एक विचारला तर आधी दोन ओळींची माफी असते. ‘सर, कदाचित माझीच समजण्यात चूक होत असेल, पण…’ अरे, विचार की सरळ! यात दोष इथल्या मंडळींचाही आहे. कर्नलच्या जगात बोचरं लिहायची फार जुनी खोड होती. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये खुद्द तोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली आणि काही दिवस बाजूला झाले. त्यानंतर भाषा खूप सुधारली. पण गोड बोलायचं म्हणून प्रश्नच गिळायचा, हे त्याहून वाईट. ‘ही ओळ मला कळली नाही, अर्ध्यावर थांबलं तर काय होतं ते सांगशील का?’ यात कडू काय आहे?

वाचणाऱ्यांवर किती बोजा असतो याचं एक उदाहरण. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी मुद्दाम खोट असलेले पॅच पाठवून कर्नलवाल्यांची परीक्षा घेतल्याचं उघड झालं. मोठा गदारोळ झाला. मला त्यातलं पुढचं जास्त लक्षात राहिलं. त्या विद्यापीठातून पूर्वी आलेले शेकडो बदल पुन्हा एकदा तपासावे लागले, बहुतेक सगळे चांगल्या हेतूने पाठवलेले असूनही. ते तपासले कुणी? त्याच मूठभर वाचणाऱ्यांनी, आपली कामं बाजूला ठेवून. नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघतेच, तिच्यात दहा हजारांच्या वर बदल असतात, ते काही थांबत नाहीत. आणि आता तर लिहून देणारी यंत्रं आली आहेत. चहा होईपर्यंत शंभर ओळी तयार. त्यात बिघडलं काही नाही, मीही वापरतो. पण त्या शंभर ओळी वाचायला लागणारा वेळ एका मिनिटानेही कमी झालेला नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आमच्या ऑफिसात इतक्या वेळा मांडलंय की लोक मला बघून रस्ता बदलतात. वाचणं हे काम आहे, ते कामाच्या तासांत मोजा. अप्रेजलच्या फॉर्मवर त्याला रकाना द्या. आणि चूक निघाली की लिहिणारा आणि वाचणारा, दोघांचीही नावं एकाच वाक्यात घ्या. शिक्षा करायला नव्हे. दोघांनाही पुढच्या वेळी आठवावं म्हणून. यावर एक आक्षेप नेहमी येतो, की मग कुणी सहीच करणार नाही, सगळी कामं अडतील. थोडी अडतील, हे खरं आहे. आमच्याकडेही अडली. मी माझ्या गटात हा नियम लावला तेव्हा पहिले तीन महिने पॅच साचत गेले आणि मला दोनदा वरून फोन आले. मग हळूहळू लोक लहान पॅच पाठवू लागले, कारण मोठा पॅच कुणी वाचायला घेईना. हे मी ठरवलेलं नव्हतं, ते आपोआप झालं.

नव्या मुलामुलींना आता मी आधी लिहायला देत नाही. पहिले दोन महिने वाचायला देतो. आईवडिलांना फोनवर काय सांगायचं, अशी त्यांची पंचाईत होते. ‘अमेरिकेच्या कंपनीत लागलास आणि नुसतं वाचतोस?’ एकाच्या आईने मला थेट निरोप पाठवला होता, ‘त्याला काहीतरी काम द्या.’ काय सांगणार त्या माउलीला!

ती टेस्टिंगमधली मुलगी आता आमच्या कर्नलच्या गटात आहे. मागच्या आठवड्यात माझाच एक पॅच तिच्याकडे गेला होता. पुन्हा मोठ्या पानांचाच. उतरवण्याचं काम करताना कर्नलने एक कुलूप धरलेलं असतं. मजकूर मेमरीत हजर नसेल तर कुलूप सोडून तो आणावा लागतो आणि मग पुन्हा कुलूप लावून पुढे जायचं असतं. मधल्या काळात दुसऱ्या कुणी ती जागाच काढून घेतली असेल तर? हे पुन्हा तपासणं मी लिहिलं होतं, पण तीनपैकी दोनच अटी तपासल्या होत्या. तिचं उत्तर दोन ओळींचं होतं. सुरुवातीला माफी नव्हती. ‘सर, कुलूप परत घेतल्यावर पानाचा आकार बदललेला असू शकतो का? असेल तर ४७व्या ओळीत काय होईल?’

४७व्या ओळीत काय होईल ते बघायला मला रविवारचा दिवस लागला. तिचं बरोबर आहे. पॅचची तिसरी आवृत्ती आत्ताच पाठवली आहे, खाली तिच्या नावाची जागा अजून रिकामी आहे. पुण्यात नऊ वाजून गेलेत, ती उघडून बसली असेल.